अवकाशातली धूळ आणि तीस हजार शोधकर्ते

१५ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात पॅराशूटच्या आधारानं एक कुपी उतरली. नासाच्या ‘स्टारडस्ट’ यानानं ती धाडली होती. १९९९ मध्ये निघालेल्या या यानानं २००४ च्या जानेवारीत ‘विल्ट-२’ धूमकेतूच्या अगदी जवळून जाऊन त्याची धूळ गोळा केली. पुढे २००९ मध्ये त्या नमुन्यांत ग्लायसीन हे अमिनो आम्ल असल्याचं जाहीर झालं. प्रथिनं ज्यांच्यापासून बनतात त्यांतला हा एक घटक धूमकेतूवर सापडावा, ही खगोलजीवशास्त्राच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट होती.

कुपीत आणखी एक खजिना होता. धूळ पकडणाऱ्या जाळीची दुसरी बाजू यानानं प्रवासात सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या आंतरतारकीय धुळीसमोर धरली होती. जाळीत एरोजेलच्या वड्या बसवल्या होत्या. एरोजेल म्हणजे सिलिकापासून केलेला, जवळजवळ सगळा हवाच असलेला घन पदार्थ. वेगानं आलेला कण त्यात हळूहळू थांबतो आणि मागे बारीक बोगदा सोडतो. पण हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे आणि संख्येनंही मोजकेच. खरा बोगदा दिसतो कसा, हेच आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. मग संगणकाला शिकवायचं तरी काय?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या अँड्र्यू वेस्टफल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम लोकांपुढे ठेवलं. स्वयंचलित सूक्ष्मदर्शकानं एरोजेलचे इंचन्‌इंच फोटो काढले, वेगवेगळ्या खोलीवरचे. घरबसल्या स्वयंसेवकानं पडद्यावर पृष्ठभागापासून खाली खाली उतरत जायचं आणि बोगद्यासारखं काही दिसलं की तिथे खूण करायची. ‘स्टारडस्ट ॲट होम’ असं या उपक्रमाचं नाव. आधी छोटी परीक्षा द्यावी लागे. ती उत्तीर्ण झाल्यावरही अधूनमधून मुद्दाम पेरलेली चित्रं समोर येत. काहींत बोगदा असे, काहींत नसे, आणि त्यांवरून प्रत्येकाची नजर किती भरवशाची आहे ते कळे. एकच चित्र अनेकांकडे जाई. त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेतून सुटत नसे.

निकाल ऑगस्ट २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. आंतरतारकीय असण्याची दाट शक्यता असलेले सात कण मिळाले होते. त्यांतल्या तिघांच्या खुणा एरोजेलमध्ये होत्या आणि चौघांच्या जाळीच्या ॲल्युमिनियम पत्र्यावर. एरोजेलमधल्या तिघांना ओरायन, हायलाब्रुक आणि सोरोक अशी नावं मिळाली. पहिल्या दोघांत ऑलिव्हिन वर्गातलं खनिज आढळलं. सोरोक इतक्या वेगानं आदळला होता की बोगद्यात त्याचा मागमूसही उरला नव्हता. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत ३०,७१४ स्वयंसेवकांचा एकत्रित उल्लेख आहे. विज्ञान लोकांपर्यंत कसं न्यावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. इथे लोकांना खरं काम दिलं, ते पारखून घेतलं आणि श्रेयही हातचं न राखता दिलं.

हीच रीत मंगळाच्या अभ्यासातही रुजली आहे. मंगळाच्या दक्षिण ध्रुवावर वसंत ऋतूत कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाखालची जमीन उन्हानं तापते, बर्फाची तळातून वाफ होते, दाब वाढतो आणि वायू धूळ घेऊन फवाऱ्यासारखा उसळतो. वाऱ्यानं ती धूळ पंख्याच्या आकारात पसरते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लॅनेट फोर’ उपक्रमात स्वयंसेवक मंगळाभोवतीच्या यानानं टिपलेल्या छायाचित्रांत हे पंखे आखतात. त्यांच्या दिशेवरून ध्रुवावरचा वारा कुठून कुठे वाहत होता, ते शास्त्रज्ञांना कळतं. आखायला दृष्टी आणि चिकाटी लागते, पदवी लागत नाही.

आपल्याकडे अशा कामाला उत्तम जागा आहे, ती म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्कापाषाणाच्या आघातानं बेसॉल्टमध्ये तयार झालं. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचाच, म्हणून जगभरचे ग्रहवैज्ञानिक इथे येतात. विवरातल्या तळ्याचं पाणी खारं आणि तीव्र अल्कधर्मी आहे, तरी त्यात सूक्ष्मजीव सुखानं नांदतात. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण हॅलोआर्किया या क्षारप्रेमी जीवांत शोधलं.

आपल्या शाळांच्या सहली लोणारला जातात, देवळं बघतात, तळ्याकाठी फोटो काढतात आणि परततात. वन विभागाची परवानगी काढून, पाण्याला आणि दगडाला धक्का न लावता, शिक्षकांनी दरवर्षी ठरलेल्या जागांवरून पाण्याची पातळी, रंग आणि काठावरच्या क्षारांची नोंद करून घ्यावी. ठरलेली पद्धत, दोघांनी तपासलेली नोंद आणि खाली मुलांची नावं, एवढं केलं तर काही वर्षांत संशोधकांना उपयोगी पडेल अशी वही तयार होईल. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना घडवते आहे. म्हणजे परंपरा आपल्याकडे आहेच. अशा मंडळींनी आकाशाइतकीच लोणारचीही जबाबदारी घेतली, तर विदर्भातल्या एखाद्या मुलीला परग्रहांवरच्या जीवसृष्टीच्या अभ्यासाची सुरुवात स्वतःच्या जिल्ह्यात करता येईल.