जुनी बोट घेताय? आधी तळ पाहा, मग भाव करा

खाडीकाठच्या गावातला माणूस आखातात पंधरा-वीस वर्षे नोकरी करून परत आला, की हाती आलेल्या पैशातून आधी घर दुरुस्त करतो आणि मग एखाद्या धंद्याचा विचार करतो. दाभोळ, बाणकोट, जयगड, भाट्ये, पूर्णगड अशा ठिकाणी या विचारात बोट हटकून असते. आठवड्यातून तीन-चार दिवस खाडीत जाळे टाकावे, सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन पलीकडच्या काठावरील नातेवाइकांकडे जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. नवी बोट आवाक्याबाहेर असते, म्हणून जुनी शोधली जाते. हा सौदा बहुधा ओळखीत, तोंडी आणि घाईने होतो. मग एक-दोन मोसमांत बोट किनाऱ्यावर पडून राहते आणि कष्टाची कमाई वाळूत जाते. हे टाळता येते. त्यासाठी काय पाहावे ते क्रमाने देत आहोत.

काम आधी, बोट नंतर

बोट पाहायला जाण्यापूर्वी तिच्याकडून कोणते काम घ्यायचे ते कागदावर लिहून काढावे. खाडीत आणि किनाऱ्यालगत घरच्या चार-सहा माणसांसाठी वीस ते पंचवीस फुटांची बोट पुरते. मोठी बोट स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. तिचे डिझेल, रंग, नांगर, दोर आणि खलाशी हे सारे तिच्या आकाराप्रमाणेच लागते.

वेगाचा मोहही आवरावा. पाणी कापत जाणाऱ्या जड बांध्याच्या बोटीचा वेग तिच्या लांबीने ठरतो. पाण्यातील लांबी पंचवीस फूट असेल तर तो ताशी साधारण बारा किलोमीटरच्या आसपास अडतो. त्यापुढे मोठे इंजिन बसवले तरी वेग फारसा वाढत नाही, तेल मात्र जळते. ४० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण वेगाने चालवले तर तासाला सुमारे १५ लिटर पेट्रोल पिते. रोजच्या मासळीचा हिशोब याच आकड्याशी ताडून पाहावा.

खरेदीचा मोसम

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या काळात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. जुनी बोट पाहण्याचा हाच खरा काळ. पाण्यात तरंगणारी बोट आपले अर्धे अंग लपवते. कोरड्या जमिनीवर तिला काही लपवता येत नाही. शिवाय काही मालकांना याच दिवसांत पैशाची निकड असते आणि भावाला वाव मिळतो. अडचण एकच, पाण्यातली चाचणी तेव्हा नीट होत नाही. त्यावर उपाय असा: पावसाळ्यात तळ पाहून बयाणा द्यावा आणि बाकीची रक्कम मोसम उघडल्यावर, बोट पाण्यात चालवून पाहिल्यानंतरच द्यावी. ही अट बयाण्याच्या पावतीवरच लिहून घ्यावी.

लाकडी बोट

लाकडी बोटीत आधी पठाण, म्हणजे तळाचा मुख्य कणा पाहावा. नाळेपाशी उभे राहून मागपर्यंत नजर टाकली की तो वाकला आहे की सरळ आहे ते कळते. कणा वाकलेली बोट फुकट मिळाली तरी घेऊ नये. त्यानंतर पातळ टोकाचा चाकू घेऊन फळ्यांचे सांधे, आतल्या बरगड्यांचे बुडखे आणि इंजिनाखालचे ओंडके टोचून पाहावेत. चाकू सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. तळाला टाचणीएवढी भोके दिसली तर समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा आत शिरला आहे असे समजावे. बाहेर भोक बारीक दिसते, पण आत लांब पोकळी असते. खिळ्यांभोवती काळे किंवा गंजाचे ओघळ असतील तर खिळे संपत आले आहेत. सांध्यांतील कापूस आणि राळ नव्याने भरता येते, हा दोष मोठा नाही. बरगड्या बदलणे मात्र मोठ्या खर्चाचे काम आहे.

नुकताच दिलेला चकचकीत रंग पाहून भुलू नये. विक्रीच्या आठवड्यात रंगवलेल्या बोटीकडे अधिक संशयाने पाहावे.

फायबरची बोट

फायबरला कीड लागत नाही, पण फायबर अमर आहे ही समजूत चुकीची आहे. लहान लाकडी हातोडीने किंवा नाण्याने सगळीकडे हलके ठोकत जावे. टणक आवाज येत असताना मध्येच बोदा आवाज आला, तर तेथे थर सुटले आहेत किंवा आत पाणी मुरले आहे. तळावर फोड आले असतील तर एखादा फोडून पाहण्यास मालकाची परवानगी मागावी. आतून आंबट वासाचे पाणी निघाले तर मुरलेले पाणी किती खोल गेले आहे ते कारागिराकडून तपासून घ्यावे.

मागची फळी, जिच्यावर बाहेरचे इंजिन टांगलेले असते, ती सर्वांत महत्त्वाची. फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते. इंजिन वर उचलून हाताने जोरात खालीवर हलवावे. फळी हलली किंवा तिच्या कोपऱ्यात चिरा दिसल्या तर तेवढा खर्च भावातून वजा करावा.

इंजिन

मालकाला आधीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन कोणतेही चालू होते. परीक्षा थंड इंजिनाची असते. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. गिअरच्या तेलाचीही हीच खूण. धूर निळा असेल तर इंजिन तेल जाळते; काळा असेल तर इंधन नीट जळत नाही किंवा इंजिनावर भार जास्त आहे; गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर पाणी शिरल्याची शंका घ्यावी. बाहेरच्या इंजिनातून थंड करणाऱ्या पाण्याची धार सतत आणि जोरात पडली पाहिजे. पंखा हाताने फिरवून दांडा डगमगतो का पाहावे. दांड्यावरची जस्ताची वडी पूर्ण झिजलेली असेल तर मालकाने देखभालीकडे दुर्लक्ष केले आहे हे त्यावरून कळते.

तपासणीला आपला सुतार किंवा फायबर कारागीर आणि आपला मिस्त्री न्यावा, मालकाने सुचवलेला नव्हे. त्यांची दिवसाची मजुरी मोकळ्या हाताने द्यावी. सौद्यातला हा सर्वांत फायद्याचा खर्च आहे.

कागदपत्रे

बोट चांगली आणि कागद खोटे, असा सौदा कुजलेल्या बोटीपेक्षा वाईट. मासेमारी नौकेला नोंदणी क्रमांक असतो आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ प्रमाणे मासेमारीचा परवाना लागतो. या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड बरेच वाढले आहेत. बोट विकत घेतली म्हणजे परवाना आपोआप आपल्या नावावर होत नाही. जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्त कार्यालयात नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि मालकाचे नाव पडताळून घ्यावे.

दुसरी बाब कर्जाची. अनेक नौका मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत, राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनेतून किंवा बँकेच्या कर्जातून घेतलेल्या असतात. कर्ज फिटेपर्यंत अशी नौका गहाण असते. मालक सांगतो, "हप्ते मी भरतो." त्या शब्दावर जाऊ नये. संस्थेचा आणि बँकेचा ना हरकत दाखला हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

तिसरी बाब घरच्या वापराची. मासेमारीच्या परवान्यावर भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. प्रवासी किंवा सहलीच्या बोटीची नोंदणी आणि तपासणी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते. दोन्ही कामे एकाच बोटीकडून घ्यायची असतील तर सौद्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि बंदर कार्यालयात विचारून घ्यावे. विम्याचाही तेव्हाच विचार करावा. चुकीच्या कामासाठी वापरलेल्या बोटीचा दावा अडतो.

पैशाचा हिशोब

हाताशी चार लाख असतील तर बोट तीन लाखांचीच पाहावी. उरलेला चौथा हिस्सा पहिल्या वर्षाचा आहे: तळाची दुरुस्ती, रंग, नवा दोर, नांगर, बॅटरी, नाव बदलण्याचा खर्च आणि विमा. सगळी रक्कम बोटीत घालणारा माणूस पहिल्याच बिघाडाला कर्जदार होतो.

भाऊ-भाऊ किंवा मित्र मिळून बोट घेत असतील तर कोणाचा हिस्सा किती, दुरुस्ती कोण करणार आणि एकाला बाहेर पडायचे झाल्यास किंमत कशी ठरणार, हे सुरुवातीलाच लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. बोटीवरून तुटलेली नाती बोटीपेक्षा महाग पडतात.

जिवाची किंमत

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून 'नीलकमल' ही एलिफंटाकडे निघालेली प्रवासी बोट बुडाली. अनेक प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींवर जाकीट सक्तीचे झाले. आपल्या छोट्या बोटीवर सक्ती करायला कोणी येणार नाही, ती आपणच करायची आहे. माणशी एक जाकीट, मुलांसाठी मुलांच्या मापाचे, आणि ते फळीखाली न ठेवता अंगावर. इंधनाचे तीन भाग करावेत: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक अडचणीचा.

शेवटी एक गोष्ट तरुणांसाठी. फायबर दुरुस्ती आणि बाहेरच्या इंजिनाचे काम जाणणारा प्रामाणिक कारागीर प्रत्येक बंदरावर हवा असतो. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेतलेल्या मुलांनी एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन मोसम काढले, तर बोट न घेताही बोटीवर पोट भरता येईल. आणि ज्यांना बोट घ्यायचीच आहे त्यांनी एवढेच करावे: तळ कोरडा पाहावा, कागद कार्यालयात पडताळावेत आणि पैसे शेवटी द्यावेत.