वकिलाच्या ऑफिसात पाणी शिरलं, तर बुडतं कोण?

आज इयरफोन लावायला वेळ नसेल, तर हा भाग इथे वाचून काढा.

२२ जुलै २०२१. चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. बुडालेली दुकानं दिसली, गाड्या दिसल्या. पण अशा पुरात कपाटातल्या फायली कुणाला दिसत नाहीत.

समजा, तुमच्या आजोबांचं मूळ मृत्युपत्र वकिलांच्या तळमजल्यावरच्या कपाटात आहे. नोंदणी केलेली नाही, दुसरी प्रत नाही. फ्रीज नवीन घेता येईल हो, आजोबांची सही कुठून आणायची?

म्हणूनच आपत्तीची तयारी हा वकिलाच्या कामाचाच भाग आहे. अमेरिकन बार असोसिएशनने २०१८ मध्ये यावर स्वतंत्र मत दिलं, क्रमांक ४८२. त्याचा सारांश असा: वादळ येवो वा पूर, अशिलाशी संपर्क ठेवा, त्याचे कागद आणि पैसे जपा, काम जमणारच नसेल तर रीतसर बाजूला व्हा. आपल्याकडे आपत्तीचा असा वेगळा उल्लेख नसला, तरी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही घेतलेली केस पुरेसं कारण आणि वाजवी पूर्वसूचना असल्याशिवाय सोडता येत नाही. आणि आपत्तीग्रस्तांच्या दारात जाऊन "केस मला द्या" म्हणणंही चालत नाही. वकिलाने काम मागत फिरायचं नाही, हा नियम पुरातही लागू.

आता मुद्दा मुदतीचा. मुदत कायदा, १९६३ चं कलम ४ सांगतं, की शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी दावा किंवा अपील दाखल करता येतं. पण नीट बघा, कोर्ट बंद असेल तर! वकिलांचं ऑफिस बुडालंय आणि कोर्ट चालू आहे, तर हे कलम कामाला येत नाही. मग उरतं कलम ५, म्हणजे उशीर माफ करा अशी विनंती. तीही अपील आणि अर्जांपुरती. मूळ दाव्याला ती सवलत नाही.

चेक बाउन्सचं उदाहरण घ्या. बँकेने चेक परत आल्याचं कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावीच लागते. पुढे तक्रारीला उशीर झाला, तर सबळ कारण पाहून कोर्ट तो माफ करू शकतं. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र तशी सोय कायद्यात नाही.

"पण कोविडमध्ये तर मुदत वाढली होती ना?" हो. सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. पण तो अख्ख्या देशासाठीचा अपवाद होता. एका तालुक्यातल्या पुरासाठी तसा आदेश येईल, यावर विसंबून राहता येत नाही.

मग वकिलाने करायचं काय? फार अवघड नाही. मूळ कागद वरच्या मजल्यावर किंवा लॉकरमध्ये. प्रत्येक फाईल स्कॅन करून दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, पण मूळ नष्ट झाल्याचं दाखवता आलं, तर प्रत पुराव्यात आणायची वाट कायद्यात आहे. तारखांची डायरी फोनवरही हवी आणि ती बघू शकेल असा एक सहकारी हवा. अशिलांचे नंबर एकाच मोबाइलमध्ये अडकलेले नकोत.

आणि आपण? आपल्या केसचा सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबर जपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. वकिलांना दिलेल्या प्रत्येक कागदाचा आधी फोटो काढा आणि मूळ कागद दिल्याची पोच घ्या.

पुढच्या भेटीत तीनच प्रश्न विचारा: माझे मूळ कागद कुठे आहेत? त्यांची प्रत कुठे आहे? तुमचा फोन लागला नाही, तर कुणाला लावू? चांगल्या वकिलाला याचा राग येणार नाही. आणि उत्तर देताना ते अडखळले, तर पावसाळ्याआधी ती फाईल वरच्या कप्प्यात जाईल. तेवढं झालं तरी पुष्कळ.

भेटू पुढच्या भागात!