घराण्याचा धांडोळा – लेखांक ६ : काळ्यांचे ‘काले’ होतात तेव्हा

गेल्या आठवड्यात आपण पणजोबांच्या पिढीपर्यंतची नावे संगणकावरच्या वंशवृक्षात भरली. आता ती पुन्हा उघडून नीट वाचा. ‘काळे’ घराण्यातले पणजोबा ‘काले’ झाले असतील, ‘साठे’ ‘साथे’ झाले असतील.

असे होते, कारण रोमन लिपीत ल आणि ळ यांना अक्षर एकच. न-ण, थ-ठ, द-ड यांचेही तेच. रोमनमधले नाव यंत्राने देवनागरीत आणले की एकदा हरवलेला ळ परत मिळत नाही. म्हणून देवनागरी नाव जुना कागद समोर ठेवून, स्वतः टंकावे.

दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. नाव अचूक देवनागरीत असते, पण भाषेच्या रकान्यात ‘इंग्रजी’ किंवा ‘हिंदी’ राहून जाते. देवनागरी ही लिपी आहे. मराठी, हिंदी, नेपाळी या तीत लिहिल्या जाणाऱ्या भाषा. रकाना चुकला की शोध भलतीकडे जातो. तेव्हा नाव न बदलता फक्त भाषा ‘मराठी’ करावी.

मात्र रोमन रूप पुसू नका. पासपोर्टवर नाव त्याच रूपात असते, आणि परदेशात वाढलेली नातवंडे ते तसेच शोधणार. दोन्ही रूपे एकाच माणसाखाली ठेवा. वंशवृक्षांच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘जेडकॉम’ साच्याच्या सातव्या आवृत्तीत (2021) एका नावाखाली त्याची इतर भाषा-लिपींतली रूपे, प्रत्येकाच्या भाषेच्या खुणेसह, ठेवण्याची सोय आहे. माहेरचे आणि सासरचे नाव ही मात्र एकाच नावाची दोन रूपे नव्हेत. ती दोन स्वतंत्र नावे आहेत आणि दोन्ही नोंदवायलाच हवीत; नाहीतर बाईचे माहेर कागदावरून पुसले जाते.

सर्वांत जपून हात घालावा तो मोडी कागदांतल्या नावांना. ‘राणोजी बिन धोंडजी’ म्हणजे धोंडजीचा मुलगा राणोजी. ‘सखू कोम राणोजी’ म्हणजे राणोजीची बायको सखू. हे न कळल्याने ‘बिन’ मधल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतो आणि ‘कोम’ आडनाव होऊन जाते. हे नात्याचे शब्द आहेत. ते नावातून काढा आणि त्यांनी सांगितलेले नाते वृक्षात जोडा. शिवाय मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. त्यामुळे ‘विठु’ आणि ‘विठू’ एवढ्या फरकावरून दोन माणसे मानू नका. गाव, बाप आणि साल जुळते का ते आधी पाहा. मोडी अक्षरांना 2014 पासून युनिकोडमध्ये स्थान आहे, तेव्हा मूळ मोडी रूपही जपता येते.

प्रत्येक दुरुस्तीबरोबर कारण लिहा : कोणता कागद पाहिला, कोणत्या सालचा, त्यावर नाव कसे होते. सामायिक वृक्षात पुष्कळांचे हात लागतात. कारण लिहिलेले नसेल, तर उद्या एखादा नातेवाईक चांगल्या हेतूनेच तुमच्या ‘काळे’चे पुन्हा ‘काले’ करील.

(पुढील लेखांकात : शके, तिथी आणि इंग्रजी तारीख)