सैन्य नसलेला सेनापती

लढाईवर निघालेल्या शिपायाची कथा सांगणारे पुष्कळ आहेत. पण लढाई संपली, अंगावरचा गणवेश उतरला, म्हणजे तो शिपाई पुढे काय करतो, ही हकीकत सहसा कोणी सांगत नाही. आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी चालकांची आज्ञा झाली, तेव्हा हीच हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आमच्या मनाने घेतले. कुकटपल्लीतल्या आपल्या कुटुंबांना फौजी माणूस काही परका नाही. सिकंदराबादची छावणी आपल्या शेजारी. निवृत्त हवालदार-सुभेदार आपल्याच वसाहतीत राहतात, कित्येक तर आपल्याच फाटकावर पहाऱ्याला असतात. त्यांच्याकडे पाहण्याची आमची दृष्टी ज्या एका चरित्राने बदलली, ते कै. जगन्नाथराव भोसले यांचे होय.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, तिरोडा या गावी झाला. डेहराडूनची सैनिकी शाळा आणि मग विलायतेतील सँडहर्स्ट, असे शिक्षण घेऊन ते सैन्यात अधिकारी झाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी शिपाई जपानी कैदेत गेले. भोसले त्या वेळी लेफ्टनंट कर्नल होते. पुढे ते आझाद हिंद सेनेत शिरले. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी १९४३ साली त्या सेनेची सूत्रे हाती घेतली, तेव्हा सेनेचे मुख्य कार्यवाह अधिकारीपद भोसल्यांकडे आले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेल्या हंगामी सरकारातही त्यांचा समावेश होता.

या सेनेची एक गोष्ट आम्ही वर्गात मुलांना आवर्जून सांगतो. तिचे ब्रीद उर्दूत होते : इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी, म्हणजे एकी, विश्वास आणि त्याग. इंग्रजी फौजेत धर्मवार चुली वेगळ्या असत. येथे हिंदू, मुसलमान, शीख एका पंगतीला बसत. 'जय हिंद' हे अभिवादन रूढ करणारे आबिद हसन तर आपल्या हैदराबादचेच. १९४३ साली पाणबुडीच्या प्रवासात नेताजींच्या सोबत होते ते हेच. एवढे सांगितले की मुले जरा ताठ बसतात.

परंतु १९४५ साली युद्ध संपले आणि ही सेना उरली नाही. भोसल्यांना इतरांप्रमाणे कैद घडली. लाल किल्ल्यातील खटल्याने सारा देश हलला, सैनिक सुटले, त्यांच्या गळ्यात हार पडले. हार सुकायला मात्र वेळ लागत नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावरही या सैनिकांना भारतीय सैन्यात परत घेण्यात आले नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतनाची योजना आली ती १९७२ साली. मधली पाव शतकाची वर्षे प्रत्येकाने आपापल्या परीने काढली. हाताला शिस्त, अंगाला कष्टाची सवय, आणि करायला काम नाही, अशी ती स्थिती.

भोसले १९५२ साली रत्नागिरी उत्तर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. या खात्यापुढे प्रश्न होता फाळणीत घरदार गमावून आलेल्या लोकांचा. त्यांना छप्पर देता येते, धान्य देता येते. पण ज्या मुलाने आईबापांची धूळधाण पाहिली, त्याच्या मनाला छप्पर कसे द्यावे? जुलै १९५४ मध्ये दिल्लीच्या लजपतनगरातील कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या निवासात भोसल्यांनी एक प्रयोग सुरू केला. पुढे तो 'राष्ट्रीय अनुशासन योजना' या नावाने ओळखला गेला.

योजनेचे स्वरूप साधे होते. रोज ठरलेल्या वेळी सामुदायिक कवायत व व्यायाम, एका सुरात राष्ट्रीय गीते, आणि देशाच्या इतिहासातील कथा. शिक्षक समोर उभा राहून हुकूम सोडतो आहे एवढ्यावर न थांबता मुलांतूनच नायक तयार करून कवायतीची सूत्रे त्यांच्याकडे द्यावयाची. शिकविणाऱ्यांत आझाद हिंद सेनेतील जुने सोबती होते. म्हणजे एकाच योजनेत दोन निराधारांची गाठ पडली : घर गेलेले मूल आणि सैन्य गेलेला शिपाई. आमच्या मते भोसल्यांची खरी दृष्टी ती हीच.

ही योजना पुढे शिक्षण खात्याकडे गेली, अनेक राज्यांतील शाळांत पसरली. प्रशिक्षकांसाठी राजस्थानात सरिस्का येथे केंद्र निघाले. तिच्यावर टीकाही झाली. एकाच शाळेत तीनतीन प्रकारची पथके कशाला, असा प्रश्न निघाला. तो विचारात घेण्यासाठी हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९६५ पासून ही योजना एका एकत्रित कार्यक्रमात विलीन झाली. ते पाहायला भोसले नव्हते; १९६३ साली त्यांचे निधन झाले होते.

आता आमची स्वतःची एक कबुली. मास्तरकीच्या पहिल्या वर्षांत शिस्त म्हणजे वर्गातली शांतता, असेच आम्ही समजत होतो, आणि ती शांतता आम्ही धाकाने मिळवीत होतो. एका वर्षी क्रीडादिनाच्या तयारीसाठी वस्तीतील एका निवृत्त हवालदारांना विनंती केली. त्यांनी आल्याबरोबर रांगेच्या अगदी शेवटी लपलेला, सदा बोलणी खाणारा मुलगा पुढे बोलावला आणि सांगितले, "आज हुकूम तू द्यायचा." पहिल्या दिवशी त्याचा आवाज फुटेना. आठवड्याने मैदानाच्या पलीकडे ऐकू येऊ लागला. त्या मुलाला आम्ही दोन वर्षे शिकविले होते, पण त्याचा आवाज आम्ही तोवर ऐकलाच नव्हता.

न्यासाने गरजूंना वह्या-पुस्तके दिली, शुल्क भरले, आजाऱ्यांना मदत केली. हे पुण्यकर्मच आहे. त्याला एक जोड द्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. दर रविवारी सकाळी एक तास आपल्या वस्तीतील माजी सैनिकांना बोलवावे आणि मुले त्यांच्या स्वाधीन करावीत. खर्च फार तर चहाचा. फाटकावरच्या त्या काकांना आपण येता-जाता सलाम करतो. या रविवारी त्यांना नाव विचारावे, पलटण विचारावी, आणि मैदानावर येता का, असेही विचारावे.