दिवाळीनंतरचा पट

सकाळी साडेसात. डहाणूच्या चिकूवाड्यांत मजुरीला जाणाऱ्या बाया लवकर निघतात. त्यांच्या आधी पाड्यावर पोहोचलं तरच आईशी बोलणं होतं. नंतर दारात आजी आणि पोरं तेवढी उरतात. माझी अंगणवाडी उघडते साडेनऊला, पण दिवस इथून सुरू होतो. कुणाला रात्री ताप भरला, कोण न जेवता झोपलं, कुणाच्या पोटात जंत आहेत असा आईला संशय आहे, हे वहीत नाही, अंगणात उभं राहिल्यावर कळतं.

पावणेनऊ. मदतनीस ताई वरच्या पाड्याकडून आणि मी खालच्या बाजूने, पोरं गोळा करत येतो. माझ्या मते आमच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. इथून जवळच बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणात भरणारी ती अंगणवाडी आज देशभर आहे. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. मला त्यांचा एकच धडा रोज पुरतो: मूल येत नसेल तर आपण जायचं. हजेरीत नुसती फुली मारून गप्प बसायचं नाही.

साडेनऊ. हात धुणं, प्रार्थना, हजेरी. आमच्या पोरांची घरची बोली वारली. नवीन आलेल्या तीन वर्षांच्या पोराशी मी पहिले काही महिने त्याच्याच बोलीत बोलते. पोर गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही, असं समजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तेच पोर घरी बकरीशी, बहिणीशी, पावसाशी दिवसभर बोलत असतं. त्याला वर्गात तोंड उघडावंसं वाटलं पाहिजे, प्रमाण मराठी मागून येते. मी तर म्हणेन, तिला घाई करणं हा पोरावर अन्याय आहे.

साडेदहा ते बारा हा माझा आवडता वेळ. टोपलीत चिंचोके, शिंपल्या, नदीतले गोटे आणि चिकूच्या बिया असतात. चिकूची बी काळी, गुळगुळीत, एका कडेला पांढरी रेघ. पोरांना ती फार आवडते. रंगाने वेगळं करा, आकाराने लावा, पाच-पाचचे ढीग करा, डोळे मिटून हाताने ओळखा. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी आसपासच्या वस्तूंनी हे सगळं शिकवता येतं, हे ताराबाई-अनुताईंनी दाखवून दिलं आहे. बिया आणणाऱ्या आया म्हणतात, "बाई, आम्ही फेकतो ते तुम्ही शिकवायला घेता." मग संध्याकाळी त्याच आया पोराला चुलीपाशी बसवून बिया मोजायला लावतात. शाळा घरी गेली, आणखी काय हवं?

बारा. गरम ताजा आहार. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत, याचा नियम आहे. मी पाहते ते ताटात काय उरलं ते. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळतात. अंड्याच्या दिवशी पट भरलेला असतो. गरोदर आणि स्तनदा बायांचं जेवणही इथेच होतं. घरी नेलेलं ताट वाटलं जातं, म्हणून त्यांनी इथे बसून जेवावं यासाठी मी हट्ट धरते.

दीड. पोरं घरी जाण्याआधी वजनकाटा निघतो. दंडाच्या पट्टीवर लाल रंग आला, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत, तर मूल तीव्र कुपोषित. त्याला ग्राम बाल विकास केंद्रातला जादा आहार सुरू होतो, आणि भूकच मेली असेल तर आशाताईंना घेऊन दवाखाना गाठायचा. मग मोबाईल. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर हजेरी, वजन, उंची. टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं देताना आईचा चेहरा टिपायचा असतो. आमच्याकडे रेंज टेकाडावर मिळते, म्हणून बाळाला कडेवर घेऊन आई आणि मी टेकाड चढतो. मजुरीवरून आलेल्या बाईला पोराच्या घासासाठी हे करावं लागू नये, असं मी बैठकीत दर वेळी सांगते.

चार. गृहभेटी. भात झोडून झाला की आमची घरं वीटभट्ट्यांवर जायला लागतात, भिवंडी-वसईकडे, आणि परततात ती पावसाच्या तोंडाशी. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. पोरंही बरोबर जातात. पावसाळ्यात जोपासलेलं वजन भट्टीवर उतरतं, हे मी कितीतरी पोरांच्या वहीत पाहिलं आहे. जाणाऱ्या आईच्या हातात मी माता-बाल संरक्षण कार्ड देते, लशीची तारीख वाचून दाखवते, ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करते, म्हणजे भट्टीजवळच्या अंगणवाडीत तिला हक्काने जाता येईल. तिथल्या सेविकेला शक्य झालं तर फोन करते.

आज एका घरी सामान बांधून झालं होतं. धाकटं अंगावर पितं, ते आईबरोबर जाणारच. थोरली पाच वर्षांची. तिला आजीकडे ठेवा, एवढंच मागायला मी गेले होते. आजी म्हणाली, "मी म्हातारी, खायला काय घालू?" मी सांगितलं, नाश्ता आणि दुपारचं जेवण अंगणवाडीत, सकाळी मी स्वतः न्यायला येईन, ताप आला तर दवाखान्यात मी नेईन. पोरगी हे सगळं ऐकत दारात बसली होती. "बाईंकडे राहतेस का?" आईने विचारलं. तिने मान हलवली.

आजी आता तयार आहे. बाप बाजाराला गेलाय. त्याला रात्री विचारणार आहेत. गाडी परवा पहाटे येते, म्हणून उद्या सकाळी पहिलं घर तेच.