भुताळी, डायन आणि बातमीतला ‘संशय’

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर कुणीतरी विचारलं, या मालिकांमुळे अंधश्रद्धा वाढते का हो? सरळ ‘हो’ म्हणायला आपण कचरतो. आधी बघू, पडद्यावर दिसते ती कोण.

2013 साली ‘एक थी डायन’ आला. त्यातल्या डायनची शक्ती वेणीत. 2018 ला ‘नजर’ ही मालिका आली, तिथेही वेणीच. बाई देखणी, तरुण, रागीट. आता आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची भुताळी घ्या. तिला वेणीबिणी काही नाही. ती शेजारीण असते. बरेचदा विधवा, एकटी, कधी नावावर जमिनीचा तुकडा असलेली. पोर दगावलं, म्हैस आटली, की लोक भगताकडे जातात. तो तांदळाचे दाणे बघतो आणि बोट कुणाकडे तरी वळतं.

इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने 1937 साली आफ्रिकेतल्या अझांदे लोकांबद्दल लिहिलं. तिथे धान्याचं कोठार कोसळून माणसं दबली, तर वाळवीने खांब पोखरला हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न वेगळाच: हीच माणसं खाली बसलेली असताना, याच क्षणी का कोसळलं? चेटूक हे या ‘मलाच का?’चं उत्तर असतं. ताप कशाने आला हे डॉक्टर सांगतो; माझ्याच पोराला का, हे तो सांगत नाही. मालिकेत हा प्रश्नच उरत नाही. डायन पहिल्या भागातच खरी असते, आपण फक्त ती कधी पकडली जाते याची वाट बघतो.

त्यात शहरातल्या प्रेक्षकाला वाटतं, हे सगळं जंगलातलं. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते, आमचा काय संबंध? पण लोकलच्या डब्यात ‘वशीकरण, करणी, शंभर टक्के गॅरंटी’चे कागद कुणासाठी चिकटवलेले असतात? (वाचतो सगळेच, कबूल कुणी करत नाही.)

इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी कायदा 1951 ला रद्द झाला, आणि 1954 ला जेराल्ड गार्डनरचं पुस्तक आलं. त्यातून विक्का पंथ पसरला. ती माणसं ‘विच’ हे नाव आपणहून घेतात. ‘भुताळी’ हे नाव कुणी आपणहून घेत नाही. ते लादलं जातं, मग घर सोडावं लागतं किंवा जीव जातो. मराठीत दोघींना ‘चेटकीण’ म्हटलं की हा फरक पुसला जातो.

आमच्या मते मालिकेपेक्षा जास्त नुकसान बातमी करते. ‘जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धेची हत्या’. वाचलंय ना? चोरीच्या संशयावरून कुणाला धरलं, तर चोरी ही खरी गोष्ट असते, माणूस निर्दोषही सुटू शकतो. इथे कशाचा संशय? जे घडूच शकत नाही, त्याचा. त्यातून सुटणार कसं? मथळ्याने मेलेल्या बाईलाच संशयित केलं.

कायदा याच्या उलट बघतो. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. अमुक माणूस करणी करतो, जनावरांचं दूध आटवतो असं भासवणारा तिथे गुन्हेगार. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. ‘भुताळी ठरवून शेजारणीचा खून’ असं छापलं तर ठरवणारे समोर येतात. जागाही तेवढीच लागते.