थकहमीच्या आडोशाला

कंपनी बुडणार हे आधी ओळखता येतं का? न्यूयॉर्क विद्यापीठातले एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ साली ६६ अमेरिकी कारखानदार कंपन्यांचे ताळेबंद तपासले. त्यातल्या निम्म्या दिवाळखोर, निम्म्या धडधाकट. खेळतं भांडवल, साठलेला नफा, व्याज आणि करापूर्वीची कमाई, शेअरचं बाजारमूल्य, विक्री अशा पाच गुणोत्तरांतून त्यांनी एक आकडा काढला. तो १.८१ च्या खाली घसरला की धोका.

आपल्याकडे १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याची कसोटी साधी होती: साचलेला तोटा कंपनीच्या नक्त मूल्याएवढा झाला की ती आजारी. १९९१ मध्ये सरकारी कंपन्याही या कायद्याखाली आल्या. पण नक्त मूल्य संपल्यावर मिळालेला इशारा काय कामाचा?

महानगर टेलिफोन निगमचं उदाहरण घ्या. मुंबई आणि दिल्लीसाठी १९८६ मध्ये ही कंपनी सुरू झाली. घरी फोन यावा म्हणून लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत, तो हा काळ. पुढे तिला नवरत्न दर्जा मिळाला, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही तिची नोंदणी झाली. मोबाइल आल्यावर उत्पन्न ओसरू लागलं होतंच. पण खरा घाव २०१० चा. थ्रीजी आणि ब्रॉडबँडचा स्पेक्ट्रम सरकारने निगमला लिलावाशिवाय दिला, किंमत मात्र खासगी कंपन्यांनी लिलावात चढवलेली लावली. दोन्ही मिळून सुमारे ११ हजार कोटी रुपये, तेही देशातल्या सर्वांत महाग दोन शहरांचे. साठवलेली गंगाजळी गेली आणि कर्ज डोक्यावर बसलं. ब्रॉडबँडचे पैसे सरकारने पुढे परत केले, तोवर व्याजाचं चक्र सुरू झालं होतं.

२०१३-१४ चा हिशेब मला सर्वांत बोलका वाटतो. सतत तोट्यात असलेल्या निगमने त्या वर्षी ७,८०० कोटींहून अधिक नफा दाखवला. निवृत्तिवेतनाचा मोठा बोजा सरकारने उचलला, म्हणून आधीच्या तरतुदी उलट फिरवल्या गेल्या. धंद्यातून आलेला हा पैसा नव्हता. त्या वर्षीच्या कमाईवर विसंबलेलं कोणतंही सूत्र फसलं असतं.

२०१९ मध्ये उत्पन्नाच्या दर शंभर रुपयांतले सुमारे ८७ रुपये पगारावर जात होते. त्याचा दोष कर्मचाऱ्यांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. दूरसंचार खात्याकडून आलेली माणसं तीच राहिली, उत्पन्न तेवढं आटलं. स्वेच्छानिवृत्तीने १४ हजारांहून अधिक जण बाहेर पडले, तरी कर्ज हटलं नाही.

खासगी कंपनीला बँक हात आखडता घेते, तोच पहिला इशारा असतो. सरकारी थकहमी असली, म्हणजे कर्ज थकलं तर ते सरकार फेडणार असलं, की कर्ज मिळतच राहतं आणि तो इशाराच हरवतो. म्हणून अशा कंपनीचं भाकीत करताना तीन गोष्टी आधी पाहाव्यात: मालकाने लादलेला खर्च, थकहमीवर उभारलेलं कर्ज आणि पुरवठादारांची थकलेली बिलं. केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत थकहमींचं विवरण दरवर्षी प्रसिद्ध होतं. वाचकांनी ते जरूर उघडून पाहावं. २०२४ मध्ये निगमकडे थकहमीवर काढलेल्या कर्जरोख्यांच्या व्याजाला पैसे उरले नाहीत, तेव्हा ते व्याज सरकारी तिजोरीतूनच भरलं गेलं.